आईबाबांसाठी असिस्टेड लिव्हिंग: कसं निवडायचं आणि पैसे कसे मोजायचे

प्रश्न एका मुलीचा आहे. वडील ८३ वर्षांचे, आई ७८. वडिलांचं विसरणं वर्षभरात बरंच वाढलंय. पंधरा दिवसांपूर्वी रात्री त्यांना बाथरूमकडे नेताना आईच पडली. हाड मोडलं नाही, पण मनगट सुजलं आणि तिचा धीर खचला. मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ दोघंही दुसऱ्या गावी राहतात. तिने तीन असिस्टेड लिव्हिंग केंद्रं, म्हणजे वयस्कर माणसांना राहायला खोली आणि रोजच्या कामांत मदत देणाऱ्या जागा, पाहून ठेवल्या आहेत. त्यातल्या एकाचा मासिक दर आईवडिलांच्या पेन्शनमध्ये आणि ठेवींच्या व्याजात कसाबसा बसतो. भावाचं म्हणणं, घरीच माणूस ठेवू. ती विचारते: यातलं काय निवडावं, आणि जमवलेले पैसे कुठवर पुरतील?

ताई, मी २२ वर्षं या कामात आहे. आधी एका केंद्रात रात्रपाळी सांभाळायचे, आता कुटुंबांना केंद्र निवडायला मदत करते. तुम्ही दर, अंतर, खोलीचा आकार असं सगळं नीट लिहिलंय. पण मी अडले ते एका साध्या वाक्यापाशी: ‘बाबा तसे स्वतःचं स्वतः करतात.’

जोडप्यांच्या बाबतीत हे वाक्य मी नेहमी ऐकते, आणि बहुतेक वेळा त्यामागे दुसरा जोडीदार उभा असतो. बाबा कपडे स्वतः घालतात, पण ते कोणत्या क्रमाने घालायचे तसे आईने पलंगावर मांडून ठेवलेले असतात. गोळ्या स्वतः घेतात, पण आईने तळहातावर ठेवल्यावर. अंघोळ स्वतः करतात, आणि आई दाराबाहेर उभी राहून ‘साबण लावला का?’ विचारत असते. पन्नास वर्षांच्या संसारात हे इतकं सवयीचं होतं की आईलासुद्धा आपण काही काम करतोय असं वाटत नाही. तुम्ही सुट्टीत दोन दिवस येता तेव्हा तुम्हाला फक्त नीटनेटके बाबा दिसतात. आई पडली, मनगट दुखावलं, की एका रात्रीत दोघंही परावलंबी होतात. तुमच्याकडे आत्ता तेच झालंय.

म्हणून केंद्राचा विचार करण्याआधी सलग तीन दिवस-रात्र तिथे राहा आणि एक वही घ्या. १९६३ साली सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोजच्या जगण्यातल्या सहा गोष्टींची एक यादी प्रसिद्ध केली: अंघोळ, कपडे घालणं, शौचालयात जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावर ताबा आणि जेवण तोंडात घालणं. साठ वर्षं झाली, तरी जगभर आजही हीच यादी वापरतात. १९६९ साली लॉटन आणि ब्रॉडी या अमेरिकी संशोधकांनी तिला आठ गोष्टींची जोड दिली: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचे व्यवहार. या चौदाही गोष्टींपुढे दोघांसाठी वेगवेगळं लिहा: आपापलं करतात, आठवण करावी लागते, हात द्यावा लागतो, की दुसऱ्यानेच करावं लागतं. आठवण करणं हे कामच आहे, ते सोडू नका. केंद्रात त्यासाठी माणूस लागतो आणि त्या माणसाचे पैसे लागतात.

कॅट्झ यांच्या यादीत आणखी एक गोष्ट आहे, जी माझ्या मते पैशांच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची आहे. त्यांच्या असं लक्षात आलं की या क्षमता साधारण एका क्रमाने जातात. अंघोळ सहसा सर्वांत आधी अडते, मग कपडे, मग शौचालय, मग उठणं-बसणं. स्वतःच्या हाताने जेवता येणं बहुधा शेवटपर्यंत टिकतं. प्रत्येकाचं अगदी याच क्रमाने होतं असं नाही, पण अंदाज बांधायला तो पुरेसा आहे. आज बाबांना अंघोळीला आणि कपड्यांना आधार लागतो, तर पुढची पायरी कोणती हे तुम्हाला ठाऊक आहे. केंद्र निवडताना विचारायचं ते त्या पुढच्या पायरीबद्दल. आजच्या गरजा जवळजवळ प्रत्येक केंद्र भागवू शकतं.

हे मी एका चुकीतून शिकले. सल्ला देण्याच्या कामाच्या पहिल्या वर्षी एका कुटुंबाला मी एक सुंदर जागा सुचवली. मोठ्या खिडक्या, बाग, प्रेमळ माणसं. आजोबा तिथे रमले. चौदा महिन्यांनी ते रात्री उठून फिरायला लागले आणि केंद्राने ३० दिवसांची नोटीस दिली. करारात तशी अट होती, आणि मी करार वाचला नव्हता. आयुष्याच्या शेवटच्या वर्षात त्या माणसाला दोनदा बिऱ्हाड हलवावं लागलं. त्यांच्या मुलीचा तेव्हाचा चेहरा मी विसरलेले नाही. तेव्हापासून मी आधी करार मागते, बाग नंतर पाहते.

आता भावाच्या म्हणण्याकडे येते, कारण तो चुकीचं बोलत नाहीये. घरीच राहण्याची इच्छा जवळजवळ प्रत्येकाची असते, आणि दिवसाचे काही तास मदत पुरत असेल तर घर हाच चांगला पर्याय आहे. सहसा स्वस्तही पडतो. हिशेब बदलतो तो रात्रीमुळे. आठवड्यात १६८ तास असतात. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो असं धरलं तर दिवसरात्र सोबतीसाठी साडेतीन माणसं लागतात, शिवाय सुट्ट्या आणि आजारपण आहेच. एकच माणूस घरात राहायला ठेवला तर तो रात्री झोपणार, आणि झोपायलाच हवं त्याला. ज्या घरात रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागतं, तिथे एका माणसावर भागत नाही.

पण माझ्या दृष्टीने तुमच्या बाबतीत पैशांपेक्षा मोठा मुद्दा वेगळा आहे. घरी माणसं ठेवली तर त्यांना सांभाळायचं कोणी? सकाळचा माणूस आला नाही तर फोन कोण करणार, नवी बाई आली तर तिला सगळं कोण समजावणार? तुम्ही दोघंही लांब आहात, म्हणजे हे काम आईवरच येणार. दुखऱ्या मनगटाच्या ७८ वर्षांच्या बाईला आपण सेवेतून सोडवून व्यवस्थापक करणार. भावाला हे असंच विचारा. तो किंवा तुम्ही आईबाबांच्या गावी येऊन राहू शकत असाल तर घरचा पर्याय खरोखर उभा राहतो. तसं नसेल तर मी तुमच्या जागी केंद्राकडे वळले असते.

‘असिस्टेड लिव्हिंग’ हा शब्द मुळात कशासाठी आला हेही थोडं सांगते, कारण निवडताना त्याचा उपयोग होतो. अमेरिकेत केरेन ब्राउन विल्सन यांच्या आईला पन्नाशीतच पक्षाघाताचा मोठा झटका आला आणि पुढची वर्षं तिला नर्सिंग होममध्ये काढावी लागली. आईला काय हवं होतं? स्वतःची खोली, छोटंसं स्वयंपाकघर, आपल्या वस्तू, आणि आपल्याला वाटेल तेव्हा लावता येईल असं दार. विल्सन यांनी १९८३ साली ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये तसं घर उभं केलं: ११२ छोटी बिऱ्हाडं, प्रत्येकाच्या दाराला कुलूप, आणि मदतीला माणसं मात्र चोवीस तास. मदत लागते म्हणून माणसाचं घर काढून घ्यायचं नाही, ही त्यामागची कल्पना. आज हे नाव कुठल्याही इमारतीवर लावलेलं दिसतं. कुठे ते निव्वळ हॉटेलसारखं असतं, जिथे मदत मागितली की ‘बाहेरून माणूस बोलवा’ असं सांगतात. कुठे ते दवाखान्यासारखं, जिथे सगळ्यांना एकाच वेळी उठवतात. पाटीवर जाऊ नका. दाराला आतून कडी लावता येते का आणि गरज पडली तर ती बाहेरून उघडायची सोय आहे का, हे बघा. त्या एका कडीवरून केंद्र माणसांकडे कसं पाहतं ते बरंच कळतं.

आता दर. तुम्हाला सांगितलेला मासिक आकडा बहुतेक करून खोली, जेवण, साफसफाई आणि ‘देखरेख’ एवढ्याचा असतो. हाताने करायची मदत वेगळी मोजतात: कुठे गरज किती त्याच्या पायऱ्या ठरवून, कुठे दिवसातल्या मिनिटांवर, कुठे प्रत्येक कामाचे स्वतंत्र पैसे लावून. पायऱ्यांची पद्धत मला त्यातल्या त्यात बरी वाटते, कारण पुढचा खर्च आधी कळतो; अट एकच, की कोणत्या पायरीत काय येतं ते लेखी हवं आणि पायरी वाढवायची कोणी ठरवली, कशावरून ठरवली हे तुम्हाला दाखवायला हवं. त्यावर वरकड: डायपर, औषधं, धुणं, डॉक्टरांची भेट, फिजिओथेरपी, रुग्णालयात नेताना सोबतचा माणूस. शेवटची बाब लोक विसरतात. रुग्णालयात पाच दिवस राहायची वेळ आली तर तिथे रात्री कोण बसणार? आणि त्या पाच दिवसांचे केंद्राचे पैसे चालूच राहतात का? बहुतेक ठिकाणी राहतात.

मी कुटुंबांना केंद्राकडून मागच्या तीन महिन्यांचं एखादं खरं बिल मागायला सांगते, नाव झाकलेलं, साधारण आपल्या माणसाइतकीच गरज असलेल्या रहिवाशाचं. दरपत्रक आणि बिल यातला फरक म्हणजे तुमचा खरा खर्च. बिल दाखवायला जे केंद्र अगदीच नकार देतं, त्याच्याबद्दल मला शंका येते.

‘पैसे किती वर्षं पुरतील’ याचं उत्तर काढताना जवळजवळ सगळे एकच चूक करतात: असलेल्या रकमेला आजच्या वार्षिक खर्चाने भागतात. उदाहरणाने दाखवते. समजा मूळ दर महिना १००, मदतीचे ३०, वरकड २०, म्हणजे महिना १५० आणि वर्षाला १,८००. हाताशी १८,००० आहेत. भागाकार म्हणतो, १० वर्षं. आता दर वर्षी दरवाढ ८ टक्के धरा आणि ठेवींवर कर वजा जाता ४ टक्के सुटतात असं धरा. मग तीच रक्कम साडेआठ वर्षांच्या आसपास संपते. त्यातच चौथ्या वर्षी बाबांची पायरी वाढली आणि बिल तिथून एक तृतीयांशाने चढलं, तर जेमतेम सव्वासात वर्षं. ही सगळी रक्कम बँकेतून काढायची असं धरलंय. पेन्शन असेल तेवढा दिलासा. तुम्ही आपले आकडे घालून हाच तक्ता करा, एका पानात होतो. दरवाढीचा टक्का मनाने धरू नका, केंद्राला गेल्या पाच वर्षांचे दर विचारा. ८ टक्क्यांनी वाढणारा दर नऊ वर्षांत दुप्पट होतो, ६ टक्क्यांनी वाढणारा बारा वर्षांत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

तुमचा तक्ता दोघांचा आहे, त्यामुळे त्यात आणखी दोन रांगा हव्यात. एक, बाबा आधी गेले तर त्यांच्या पेन्शनमधलं आईला किती मिळेल? बहुतेक योजनांत जोडीदाराला कमी मिळतं. आणि एका खोलीत दोघांचा दर दोघांच्या बेरजेपेक्षा कमी असला, तरी एकटं माणूस उरलं की त्याच खोलीचा दर निम्मा होत नाही. आई बाबांपेक्षा पाच वर्षांनी लहान आहे. पैसे संपतील ते आईच्या वाट्याचे संपतील, हे दोन्ही भावंडांनी डोळ्यांसमोर ठेवा. दुसरी रांग, दोघांना वेगळं ठेवावं लागलं तर दोन दर भरायची वेळ येते. त्याबद्दल पुढे लिहिते.

विम्यावर फार भिस्त ठेवू नका. विम्याच्या भाषेत उपचार वेगळा आणि सांभाळ वेगळा. रुग्णालयाचा खर्च देणारा आरोग्य विमा अंघोळ घालायला, हात धरून न्यायला लागणाऱ्या माणसाचे पैसे सहसा देत नाही. अमेरिकेतली ज्येष्ठांसाठीची सरकारी मेडिकेअर योजनासुद्धा असिस्टेड लिव्हिंगचं भाडं देत नाही. सांभाळाचा स्वतंत्र विमा सर्वांना लागू करणारे देश मोजके आहेत: नेदरलँड्सने तो १९६८ साली आणला, जर्मनीने १९९५ साली, जपानने २००० साली. तिथेही सगळं फुकट नाही. जर्मनीत खोली आणि जेवणाचा खर्च रहिवाशालाच द्यावा लागतो. खासगी विमा घेतलेला असेल तर पॉलिसी काढून दोनच गोष्टी शोधा. पैसे कधी सुरू होतात? बऱ्याच पॉलिसींत कॅट्झ यांच्या सहांपैकी दोन गोष्टी जमेनाशा झाल्यावर, किंवा स्मृतिभ्रंशाचं निदान झाल्यावर. आणि त्यानंतर थांबण्याचा काळ किती? अनेकदा ९० दिवस असतो. तुमची ती वही इथेही पुरावा म्हणून उपयोगी पडते. वयाच्या ८३व्या वर्षी नवा विमा मिळेल या आशेवर मात्र वेळ घालवू नका.

राहिलं घर. ते विकावं लागेल अशी शक्यता असली तरी लगेच विकू नका. आधी केंद्रात महिनाभर तात्पुरतं राहून पाहा, मग निदान सहा महिने घर तसंच ठेवा, जमलं तर भाड्याने द्या. ‘परत जायला घर आहे’ हे कळलेलं माणूस नव्या जागी जास्त शांतपणे रुजतं, असा माझा अनुभव आहे. आणि घाईत विकलेल्या घराला भावही घाईचाच मिळतो.

मोठं डिपॉझिट मागत असतील तर ते परत कधी, किती आणि कोणाला मिळणार हे करारात तारखेसकट हवं. ‘पुढचा रहिवासी आल्यावर’ असं लिहिलेलं असेल तर त्यावर जास्तीत जास्त किती दिवस अशी मुदत घालून घ्या. तुम्ही सही करताना आपल्या नावापुढे काय छापलंय तेही वाचा. संपर्काची व्यक्ती आणि पैशांची हमी देणारी व्यक्ती या दोन वेगळ्या भूमिका आहेत. अनेक मुलं पहिली समजून दुसरीवर सही करतात. आणि बाबांना कागद समजतोय तोवर त्यांचे बँकेचे अधिकार, मृत्युपत्र, उपचारांबद्दलची इच्छा हे मार्गी लावा. पुष्कळ देशांत साधं कुलमुखत्यारपत्र ते देणाऱ्याची समज गेली की निरुपयोगी होतं, म्हणून वकिलाला नेमका हाच प्रश्न विचारा. विसरणं वाढतंय, म्हणजे हे या महिन्यात व्हायला हवं.

करारात मी सर्वांत आधी शोधते ते जाण्याचं कलम. कोणत्या कारणाने केंद्र रहिवाशाला जायला सांगू शकतं? नेहमीची कारणं ठरलेली आहेत: उठवायला दोन माणसं लागायला लागली, रात्री भटकणं सुरू झालं, हात उगारला, नळीतून अन्न द्यावं लागलं, पैसे थकले. यातलं काय केंद्र निभावतं आणि काय नाही, हे प्रमुखांना तोंडी विचारा आणि मग लेखी मागा. तोंडी उत्तर नेहमी ‘बघू, आपण काही सोडून देतो का’ असं असतं, आणि ते सांगणारा माणूस प्रामाणिक असतो. पण दोन वर्षांनी तो तिथे असेलच असं नाही. दुसरा प्रश्न मी आवर्जून विचारते: ‘तुमच्याकडून शेवटचे तीन रहिवासी गेले, ते का गेले?’ तिघंही तिथेच, आपल्या पलंगावर, ओळखीच्या माणसांच्या हातात शेवटाला गेले असतील तर त्या केंद्राबद्दल माझा आदर वाढतो. तिघांनाही हलवावं लागलं असेल तर तुमच्या बाबांचंही तेच होणार.

केंद्र पाहायला ठरवून सकाळी अकराला गेलात तर सगळीकडे सारखंच दिसतं. संध्याकाळी जेवणानंतर जा, सुट्टीच्या दिवशी जा. मी रात्रपाळी केली आहे म्हणून सांगते, केंद्राची खरी परीक्षा रात्री दोन ते पाच या वेळात होते. विचारायचं ते असं: रात्री किती माणसं जागी असतात? ‘हजर’ असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा, जागी किती? आणि ती किती रहिवाशांमागे? एखाद्या खोलीत बसा आणि परवानगी घेऊन घंटा वाजवा. कोणी यायला किती मिनिटं लागली ते घड्याळात बघा.

रहिवाशांकडे बघा, भिंतींकडे नको. नखं कापलेली आहेत का, चष्म्याच्या काचा पुसलेल्या आहेत का, कानातलं यंत्र खरंच कानात आहे की ड्रॉवरमध्ये. कोणी बोलत असताना कर्मचारी खाली वाकून डोळ्यांच्या पातळीवर येतात का. फळ्यावर चार वाजता गाण्याचा कार्यक्रम लिहिलाय, तर चार वाजता तिथे थांबा. रोज प्रत्यक्ष सेवा करणारे किती वर्षं टिकलेत ते त्यांनाच विचारा. माणसं टिकत नसतील तर बाबांना दर दोन महिन्यांनी नवा हात अंगाला लावून घ्यावा लागेल, आणि विसरणाऱ्या माणसाला त्याची फार भीती वाटते.

पडण्याची नोंदवही असते, ती मागा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अहवालानुसार पासष्टीपुढच्या १०० माणसांपैकी २८ ते ३५ जण वर्षातून एकदा तरी पडतात, आणि सत्तरीपुढे हे प्रमाण ३२ ते ४२ वर जातं. म्हणून ‘आमच्याकडे कोणी पडत नाही’ असं सांगणाऱ्यांपेक्षा ‘गेल्या महिन्यात चौघं पडले, त्यातले दोघं बाथरूमच्या उंबऱ्यावर, म्हणून उंबरा काढला’ असं सांगणारे मला जास्त भरवशाचे वाटतात.

आता अवघड भाग. बाबांचं विसरणं पुढे गेलं तर अनेक केंद्रं त्यांना स्मृतिभ्रंशासाठीच्या वेगळ्या, बंद दाराच्या विभागात हलवतात. आईने तिथे जायचं की नाही? आई गेली तर तिचं जग आक्रसतं. नाही गेली तर पन्नास वर्षांनी रात्री वेगळी. याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही, पण दोन्ही विभाग एकाच आवारात असणं मी अट म्हणून धरते, म्हणजे आई सकाळी चहाला तिकडे जाऊ शकते आणि रात्री आपल्या खोलीत निवांत झोपू शकते. तुमच्या तीनपैकी स्वस्त केंद्रात असा विभाग नाही असं तुम्ही लिहिलंय. एवढ्या एका कारणासाठी मी ते बाजूला ठेवीन. आज वाचलेले पैसे त्या वेळच्या धावपळीत जातात, आणि धावपळीचा त्रास बाबांना होतो.

महिनाभराची चाचणी मुक्कामाची सोय मागा. काही केंद्रं सांगतात की पहिले दोन आठवडे घरच्यांनी भेटू नये, म्हणजे माणूस रुळतं. मला हे मान्य नाही. पहिल्या आठवड्यात रोज थोडा वेळ कोणीतरी जावं, तुम्ही आणि भावाने रजा वाटून घ्यावी. आईच्या हातचं उशीचं कापड, बाबांची खुर्ची, रोजचं घड्याळ हे सगळं त्यांच्या येण्याआधी खोलीत लागलेलं असावं. निर्णयात आईला घ्या. १९७६ साली एलन लँगर आणि जुडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका नर्सिंग होममध्ये एक साधा प्रयोग केला: एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमचं तुम्ही ठरवा, हे रोपटं घ्या आणि त्याला पाणी घाला, दुसऱ्या मजल्यावर सगळं कर्मचारीच करतील असं सांगितलं. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त उत्साही आणि सजग दिसली. कोणती खोली, कोणता पडदा, कोणती दोन कपाटं बरोबर न्यायची, हे आईला ठरवू द्या. तुम्ही दोघं भावंडं भांडलात तर ती ‘मला काहीच नको’ म्हणून मागे सरेल, म्हणून तिच्यासमोर हिशेब काढू नका. कोण किती पैसे देणार आणि कोण किती वेळा जाणार, हे दोघांनी आधीच कागदावर लिहा. जो पैसे कमी देतो त्याने वेळ जास्त द्यावा, हे मला न्यायाचं वाटतं, आणि त्याची भाषा उपकाराची नसावी.

‘लोक म्हणतील आईबाबांना टाकलं’ असंही तुम्ही लिहिलंय. आई मध्यरात्री एका दुखऱ्या हाताने बाबांना सावरत होती आणि दोनशे मैलांवर तुम्ही झोपलेल्या होतात, ही परिस्थिती तशीच ठेवणं मला जास्त कठोर वाटतं.

केंद्राकडून गरजा तपासायला माणूस येईल, त्या दिवसाबद्दल एवढं सांगते. पाहुणा आला की विसरणारी माणसंही तासभर छान सावरून बोलतात. बाबाही बोलतील, हसतील, जुन्या गोष्टी सांगतील. आणि त्यांना शर्टाचं बटण लावायला सांगितलं की आई पुढे होईल. त्या वेळी तिला तुमच्या शेजारी बसवा, तिचा हात हातात घ्या, आणि बाबांना लागेल तितका वेळ लागू द्या. त्यानंतर ती तीन दिवसांची वही तपासणाऱ्याच्या हातात द्या.